फ्लाव्हिया टीचरांचं मीठ

आमच्या वाडीतल्या कुठल्याही घरात शिरा आणि विचारा, "तुका वाचूक कोणी शिकवल्यान?" पन्नाशीच्या आतला जो तो एकच नाव सांगेल. फ्लाव्हिया टीचर. मालवणाहून कुडाळला जाताना आमचा फाटा लागतो. तिथे रिक्षावाल्याला नुसतं 'टीचरांकडे' म्हटलं की तो बरोबर त्यांच्या घराच्या दगडी गडग्यापाशी आणून सोडतो. वर "टीचरांक सांगा, सतराचो पाढो अजून पाठ आसा" असा निरोपही देतो. त्यात थाप किती आणि खरं किती हे टीचरांना पक्कं ठाऊक असतं.

एकतीस वर्षं त्यांनी पहिली ते चौथी शिकवली. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. नवरा आंतोन बोटीवर खानसामा होता, तो जाऊनही आता बारा वर्षं होतील. मुलगी सँड्रीना गोव्यात नर्स आहे. घरात टीचर, दोन मांजरं आणि परसातली काजूची झाडं. अशा बाई चौसष्टाव्या वर्षी व्हिडिओ गेममधल्या मारामारीत कशा पडल्या, आणि एका पोराने त्यांची अकराव्या वर्षापासूनची खोड कशी पकडली, त्याची ही गोष्ट. आणि हो, खोड पकडली म्हणून टीचर आजही त्या पोराचे उपकार मानतात. उगाच नाही.

तर आधी खोड कसली ते सांगायला हवं. टीचर अकरा वर्षांच्या होत्या तेव्हा वाडीतले निम्मे पुरुष मुंबईत नाहीतर बोटीवर. महिन्या-दोन महिन्यांनी पत्र यायचं आणि बायकांना तर वाचता येत नव्हतं. मग काय, "फ्लाव्हिया, ये गो, कागद इलो!" फ्लाव्हिया धावत जायची, पडवीत बसून पत्र वाचायची आणि बक्षीस म्हणून खोबऱ्याचा तुकडा खात घरी यायची.

वरच्या वाडीतल्या शेवंतीच्या नवऱ्याची पत्रं म्हणजे नुसता हुकूमनामा. छपराची कौलं बदल. बैल विकू नको. संपलं. फ्लाव्हिया वाचायची आणि शेवंती तिच्या तोंडाकडे बघत बसायची. पत्र संपलं तरी बघतच राहायची. एकदा त्या पोरीला ते बघवलं नाही. तिने कागदावरची नजर न हलवता एक ओळ जास्तीची वाचली, "तुझी याद येता. जीवाक जप." शेवंतीने पदराने डोळे पुसले. त्या दिवशी फ्लाव्हियाला खोबऱ्याबरोबर गुळाचा खडाही मिळाला. झालं! तेव्हापासून त्या घरातलं एकही पत्र बिनमिठाचं वाचलं गेलं नाही.

पुढे वीस-बावीस वर्षांनी साक्षरता वर्ग निघाले. वर्ग घ्यायला टीचर आणि शिकायला पहिल्या बाकावर शेवंती. अक्षरं जुळायला लागली तशी तिने ट्रंकेतली जुनी पत्रं काढली आणि एक दिवस त्यातलं एक घेऊन टीचरांसमोर उभी राहिली. शेवंती म्हणाली, "ती 'याद येता'ची वळ ह्यात नाय गो बाय." मग पत्राची घडी घालत म्हणाली, "पण त्याच वळीवर मी दिवस काढलंय." एवढं बोलून ती बाराखडी गिरवायला बसली.

आता सांगा, इतकी मोठी पावती मिळाल्यावर कुणाची खोड सुटेल? टीचरांनी शाळेत धड्यांना मीठ घातलं. पुस्तकातल्या लांडग्याला घरी वाट बघणारी आई दिली, म्हाताऱ्या राजाला गुडघेदुखी दिली. पोरं खूश, आईबाप खूश. एकाच जागी त्यांनी कधी मीठ घातलं नाही, ती म्हणजे चर्च. रविवारी मिस्साला वाचनाची पाळी आली की टीचर वेदीजवळ उभ्या राहून असं वाचायच्या की काना इकडचा तिकडे होणार नाही. पाद्री म्हणायचे, फ्लाव्हिया टीचर वाचतात तेव्हा स्वल्पविरामसुद्धा ऐकू येतो.

शेजारच्या लिंडाचा मुलगा रॉयस्टन. वय सव्वीस. जन्मापासून दिसत नाही. दहावीपर्यंत बाहेरगावच्या अंधशाळेत शिकला, सुट्टीत घरी आला की टीचरांच्या पडवीत गोष्टी ऐकायला हजर. आता चर्चमध्ये कीबोर्ड वाजवतो, लग्नाच्या हंगामात बँडबरोबर जातो, आणि काकाच्या होमस्टेचे फोन घेतो. फोनवरचा आवाज इतका गोड की पुण्या-मुंबईचे पाहुणे आल्याआल्या "तो रॉयस्टन कुठाय" म्हणून विचारतात.

आणि उरलेल्या वेळात तो मारामाऱ्या करायचा, म्हणजे गेममध्ये. एक दिवस लिंडा काकुळतीला येऊन म्हणाली, "टीचर, कानाक ता लावन दिवसभर ठो-ठो करता. जरा बघा तरी." टीचर बघायला गेल्या. पडद्यावर दोन राक्षसासारखे गडी एकमेकांना तुडवत होते आणि रॉयस्टन पडद्याकडे पाठ करून बसला होता!

"मेल्या, तुका कळता कसां, मारतंस कोणाक?"

"आयकून," तो हसून म्हणाला आणि हेडफोन त्यांच्या कानाला लावले. डाव्या कानात पावलं वाजली, मग उजव्या. लाथ वेगळी वाजत होती, बुक्का वेगळा. उडी मारताना गडी श्वास घेतो, तो ऐकला की खाली बसायचं. रॉयस्टनने ऐकता ऐकता समोरच्याला लोळवलं. तो समोरचा म्हणे पुण्यातला कुणी मुलगा होता आणि आपण कुणाकडून हरलो हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. टीचर त्या गेमला 'मारामारी' म्हणायला लागल्या, कारण त्याचं खरं नाव इंग्रजीत लांबलचक होतं.

यंदा दिवाळीनंतर रॉयस्टन धावत, म्हणजे गडग्याला हात लावत लावत पण धावतच, टीचरांकडे आला. बेंगळुरूची एक गेमवाली कंपनी अंध खेळाडू शोधत होती. गेम खेळून बघायचा आणि आंधळ्या माणसाला तो कुठे अडतो ते सांगायचं, घरबसल्या, महिन्याच्या पगारावर. परीक्षा म्हणून त्यांनी एक काम दिलं होतं. नव्या मारामारीचा 'स्टोरी मोड' म्हणजे कथेचा भाग पूर्ण खेळायचा आणि त्यात बरं काय, वाईट काय, ते बोलून रेकॉर्ड करून पाठवायचं. मुदत तीन आठवडे.

"टीचर, आजवर जा काम गावला, ता आंधळो असूनसुद्धा गावला," रॉयस्टन म्हणाला. "हय पयल्यांदा, आंधळो आसंय म्हणान गावतला."

टीचरांनी पोराला जन्मापासून पाहिलेलं. त्या म्हणाल्या, "माका काय करूचा ता सांग."

काम साधं होतं. मारामारी तो ऐकून खेळणार. पण दोन मारामाऱ्यांच्या मध्ये जी कथा होती ती मुकी होती. पडद्यावर चित्र यायचं, खाली नक्षीदार अक्षरांत इंग्रजी मजकूर यायचा आणि सात-आठ सेकंदांत निघून जायचा. मोबाइलवरचं वाचून दाखवणारं ॲप त्या नक्षीपुढे हात टेकायचं. तेव्हा टीचरांनी तो मजकूर वाचायचा आणि मालवणीत सांगायचा.

रोज दुपारी चारला रॉयस्टन मशीन घेऊन यायचा आणि टीचरांकडे बैठक बसायची. बारा अध्याय होते, प्रत्येक अध्यायात नायकाशिवाय आणखी एक निराळा लढवय्या खेळायला मिळायचा. पहिल्याच अध्यायात नायक ओरेन आला आणि रॉयस्टन ताठ बसला, कारण ओरेन आंधळा होता. हातात काठी, कान तिखट. व्होर्ग नावाच्या किल्लेदाराने त्याच्या भावाला पकडून नेलं होतं आणि ओरेन त्याला सोडवायला निघाला होता.

पहिल्या दिवशी टीचरांनी अगदी इमानाने वाचलं. दुसऱ्या दिवशी मजकूर अर्धा वाचून होतो तोच पडद्यावरून गेला. "मगे?" रॉयस्टनने विचारलं. आता मगे काय, माहीतच नव्हतं. टीचरांनी अंदाजाने एक वाक्य टाकलं. ते बरोबर बसलं. तिसऱ्या दिवशी मजकूर पूर्ण वाचता आला, पण त्यात होतं काय? "तू माझ्या गुरूला मारलंस. आता लढ." बस्स! अहो, गुरूला मारलं म्हणजे कुठे, कसं, का, काही नको? एकतीस वर्षं शिकवलेल्या बाईच्या गळ्याखाली हे उतरेना. टीचरांनी चिमूटभर मीठ घातलं.

मग काय, हात सुटला. चौथ्या अध्यायापर्यंत व्होर्गाला एक आई मिळाली होती. किल्ल्याच्या पायथ्याशी राहायची, रोज तिन्हीसांजेला पेज झाकून ठेवायची. ओरेन वर चढताना तिच्याकडे पाणी प्याला तेव्हा ती म्हणाली, "वर गेलंस तर तेका सांग, पेज थंड जाता." रॉयस्टन खेळायचं थांबला. "टीचर," तो म्हणाला, "आता ह्या मेल्याक मी मारू कसो?" आणि तरी त्या अध्यायात व्होर्गाशी लढावं लागलंच. त्या दिवशी तो दोनदा हरला. टीचरांना मनातून इतकं बरं वाटलं की त्यांनी त्याला दोन जास्तीच्या नेवऱ्या, म्हणजे करंज्या, खायला घातल्या.

असं करत बारावा अध्याय आला. शेवटची मारामारी झाली, व्होर्ग पडला, भाऊ सुटला. चित्र बदललं. आकाशातून उजेडाचा झोत ओरेनच्या तोंडावर पडला आणि त्याचे डोळे उघडले. खाली अक्षरं आली, 'अखेर तू पूर्ण झालास.'

टीचरांनी ते मनातच वाचलं. शेजारी रॉयस्टन, मान किंचित वाकडी करून, वाट बघत बसला होता. बारा अध्याय तो ओरेन होऊन लढला होता. आणि ह्या मेल्यांनी त्याला सांगायचं काय, तर आतापर्यंत तू अर्धा होतास? सहा सेकंद गेले, सात गेले.

"काय झाला, टीचर?"

"ओरेनान काठी खांद्यार टाकल्यान," टीचर म्हणाल्या, "आणि घराकडे चलाक लागलो. गावात शिरलो तसां तेच्या पावलांचो आवाज लोकांनी वळाखलो. एकेका घराचां दार उघडला."

रॉयस्टनने हेडफोन काढून मांडीवर ठेवले. मग म्हणाला, "टीचर, आंधळ्याच्या गोष्टीत शेवटाक तेका डोळे गावतत. सगळ्या गोष्टीत. ह्यो पयलो, जो तसोच घराक गेलो." त्याचा चेहरा असा उजळला होता की टीचरांनी मुकाट्याने मांजराला दूध घालायला जायचं निमित्त काढलं.

शुक्रवारी त्याने रेकॉर्ड केलेला मजकूर त्यांना ऐकवला. सोमवारी पाठवायचा होता. इंग्रजीत, छान स्पष्ट आवाजात तो बोलत होता. ह्या कथेचं पहिलं बलस्थान म्हणजे तिचा शेवट, आंधळ्याला डोळ्यांचं बक्षीस न देणारा. दुसरं बलस्थान म्हणजे खलनायकाची आई आणि तिची थंड होणारी पेज.

कंपनीचे लोक हे ऐकणार. ज्यांनी गेम केला तेच ऐकणार! ते म्हणणार, हा कोण बंडलबाज, ह्याने गेम खेळलेलाच दिसत नाही. पोराची नोकरी त्यांच्या मिठात बुडणार होती. न सांगावं तर नोकरी जाते, सांगावं तर पोरगा जातो. ज्याला दिसत नाही तो आपल्यालाच डोळे मानून बसला आणि आपण काय केलं? "बरां झाला, झिला," एवढंच त्या म्हणाल्या आणि घरी येऊन देवासमोर बसून राहिल्या.

शनिवारी त्या कुमसाराला, म्हणजे पाद्रींसमोर पापाची कबुली द्यायला गेल्या. जाळीपलीकडे पाद्रींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. गेम म्हणजे काय ते त्यांना दोनदा समजावावं लागलं, मारामारी कशी ते एकदा. मग ते म्हणाले, "टीचर, ह्या माझ्याकडे कित्याक आणलात? ज्याचां आसा त्याका न्हेवन द्या." प्रायश्चित्त म्हणून प्रार्थना सांगितल्या त्याही चारच. टीचरांना वाटलं, चाळीस सांगितल्या असत्या तर त्या सोप्या होत्या.

तिथून त्या थेट रॉयस्टनकडे गेल्या. तो अंगणात कीबोर्ड पुसत होता. लिंडा बाजाराला गेली होती. टीचर उभ्याउभ्याच बोलल्या, एका दमात. व्होर्गाला आई नाही. पेज नाही. अर्ध्याअधिक गोष्टी माझ्या. आणि शेवटी ओरेनला डोळे मिळतात.

रॉयस्टनच्या हातातलं फडकं थांबलं. "डोळे?"

"होय रे."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो अगदी हळू म्हणाला, "टीचर, चर्चात वाचताना तुमी एक शब्द तरी बदलतास?"

"नाय."

"कित्याक नाय?"

"तो देवाचो शब्द, बाबू."

"म्हणजे थंय देवाची भीती आसा. हय माझी नाय. आंधळो काय कागद उघडून बघतलो?"

तो पुढे म्हणाला, "माका दिसणा नाय, ती देवाची करणी. तुमी खोटां दाखवल्यात, ती तुमची." मग त्याने कीबोर्डवर कव्हर घातलं, चेन ओढली आणि आत गेला.

टीचरांना पहिल्यांदा राग आला. होय, आलाच! मी काय वाईटासाठी केलं? शेवंती असती तर तिनेच सांगितलं असतं! पण घरापर्यंतच्या चाळीस पावलांत त्यांना आठवलं की शेवंतीने बाराखडी शिकल्याबरोबर पहिलं काम काय केलं होतं. तिने ट्रंक उघडून पत्रं स्वतः वाचली होती. ओळ गोड होती, तरी तिला कागदावर काय आहे ते बघायचं होतं. तीसेक वर्षं टीचरांनी त्या दिवसातलं फक्त दुसरं वाक्य लक्षात ठेवलं होतं. पहिलं सोयीने विसरल्या होत्या.

रविवारी मिस्साला पहिलं वाचन त्यांचंच होतं. कीबोर्डामागे रॉयस्टन बसला होता. टीचर वेदीजवळ गेल्या, चष्मा लावला आणि वाचायला लागल्या. त्या दिवशी त्यांना स्वतःचाच आवाज नीट ऐकू येत होता. कागदावर जे होतं तेच बाहेर पडत होतं, कमी नाही, जास्त नाही. मध्ये एकदा नजर वर गेली. रॉयस्टनची मान किंचित वाकडी होती, गेम ऐकताना असायची तशीच. वाचन संपलं, त्याने स्तोत्राचा सूर दिला आणि लोक गायला लागले.

मिस्सा संपल्यावर तो चर्चच्या पायऱ्यांवर थांबला होता. पावलांवरूनच त्याने त्यांना ओळखलं. "टीचर, दोन वाजता येतंय. बारा अध्याय आसत. जसां आसा तसां वाचा. चर्चात वाचलात तसां."

"येतंस?" टीचरांच्या तोंडून एवढंच निघालं.

"मगे काय? दुसरो कोण वाचतलो माका?" तो अजून चिडलेलाच होता. पण आला.

ह्या खेपेला टीचरांनी डोकं चालवलं. मजकूर पळून जातो ना, मग मोबाइलने पडद्याचं चित्रीकरण करायचं, थांबवून वाचायचं. जिथे अक्षर लागलं नाही तिथे त्या "हय माका कळणा नाय" म्हणाल्या. आयुष्यात इतक्या वेळा हे वाक्य त्या कधी बोलल्या नव्हत्या. "तू माझ्या गुरूला मारलंस. आता लढ." हेसुद्धा त्यांनी तस्संच वाचलं. वाचताना जिवावर आलं होतं, पण वाचलं.

आणि गंमत बघा. कोरडं वाचल्यावर त्यांनाच त्या कथेत नव्या गोष्टी दिसायला लागल्या. दर अध्यायाला नवा लढवय्या हातात देतात त्यामुळे खेळणाऱ्याला सगळ्यांची लढायची रीत आपोआप येते, हे चांगलं. पण एकाच्या पावलांची सवय होते न होते तोच तो जातो, हे वाईट. आठव्या अध्यायात खुद्द व्होर्ग होऊन खेळायला मिळतं, त्याच्याकडून ऐकलं की त्याचाही राग कळतो. हे तर टीचरांनी आधीच्या वेळी स्वतःच्या पेजेच्या नादात नीट वाचलंच नव्हतं! नवव्या अध्यायात रॉयस्टन ओरेनला जिंकवायचा आणि लगेच मजकूर म्हणायचा, ओरेन हरला, तुरुंगात पडला. "मी जिंकलंय तरी हरलंय?" तो करवादला. "मगे खेळवलात कित्याक?" टीचर खो-खो हसल्या. दोन दिवसांत पहिल्यांदा.

सात वाजायच्या सुमाराला शेवट आला. टीचरांनी चित्र थांबवलं आणि वाचलं. "आकाशातून उजेड पडलो. ओरेनाचे डोळे उघडले." मग श्वास घेतला. "अखेर तू पूर्ण झालास."

"परत वाचा."

त्यांनी परत वाचलं.

"बरां," रॉयस्टन म्हणाला. "म्हणजे अर्धो माणूस अकरा मारामाऱ्या जिंकलो. पुऱ्यान किती जिंकल्यान?"

"एकव नाय. थंयच संपला."

"बघा तर!" तो म्हणाला आणि हसला. कडवट हसला, पण तो त्याचा स्वतःचा कडवटपणा होता. टीचरांना त्या क्षणी कळलं की आपण त्याच्यापासून काय लपवलं होतं. दुःख लपवलं असं त्यांना वाटत होतं. खरं तर त्यांनी त्याचं हे उत्तर लपवलं होतं.

त्याने तिथेच बसून नवं रेकॉर्डिंग केलं. टीचर उठून जायला लागल्या तर म्हणाला, बसा. लढाईचे आवाज उत्तम, डोळस माणसाने डोळे मिटून ऐकावेत असे. कथा मुकी, ती बोलती करा. जिंकलेल्याला हरवू नका. डोळ्यांच्या बक्षिसाबद्दल त्याने जे सांगायचं ते सांगितलं, आवाज न चढवता. आणि शेवटी तो म्हणाला, "ही कथा मला आधी एका वेगळ्याच रूपात ऐकायला मिळाली. ऐकवणाऱ्या बाई एकतीस वर्षं शिक्षिका होत्या. तुमच्या कथेत जिथे जिथे खड्डे होते तिथे त्यांनी माती घातली. कुठे कुठे घातली त्याची यादी सोबत देतो. तेवढी बघितलीत तरी तुमच्या उणिवा तुम्हाला कळतील."

टीचरांनी पदर तोंडाला लावला. "मेल्या, माझी चूक बेंगळुराक धाडतंस?"

"चूक ती चूकच," रॉयस्टन म्हणाला. "पण बरोबर जागेर केलात."

तीन आठवड्यांनी फोन आला. सहा महिन्यांसाठी घेतलं होतं, काम बरं वाटलं तर पुढे कायम. कथा पुढच्या भागापासून बोलती करणार होते. शेवट मात्र बदलणार नाही म्हणाले, तो आता बाजारात गेलेला. लिंडाने वाडीभर साखर वाटली. टीचरांनी चर्चमध्ये मेणबत्ती लावली, आणि येताना वरच्या वाडीला वळून शेवंतीच्या सुनेकडेही डोकावल्या. शेवंती जाऊन आठ वर्षं झाली. ट्रंक अजून आहे म्हणाली सून, आत पत्रं आहेत. टीचरांनी ट्रंकेवर हात ठेवला, उघडली नाही. पत्रांतल्या चोरट्या ओळीसाठी ज्या बाईने त्यांना माफ केलं होतं, तिचे आभार मानायचे त्यांच्याकडून इतकी वर्षं राहूनच गेले होते.

पगाराच्या कामातली पहिली मारामारी जानेवारीत आली. तीही मुकीच होती, दुसऱ्या कुणाची तरी. दुपारी चारला टीचर चष्मा पुसून, मोबाइल हातात घेऊन बसल्या. पहिला अध्याय त्यांनी जसा होता तसा वाचला, एक काना इकडचा तिकडे नाही. एक राजा, एक तलवार, एक सूड. वाचून झालं. रॉयस्टनने सगळं टिपून घेतलं, मशीन बंद केलं आणि हेडफोन गळ्यात उतरवले. टीचर उठायला लागल्या.

"खंय चललात?" तो म्हणाला. "ह्या त्यांचां झाला. आता तुमचां सांगा."

टीचर उभ्या होत्या तशाच खाली बसल्या.

"त्या राजाक व्होर्गासारखी आवस आसा काय, टीचर?"

"आसा तर," टीचर म्हणाल्या आणि चष्मा काढून बाजूला ठेवला.